‘मला काही येत नाही’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मानसिक आजारातून सावरणाऱ्या आठ-दहा बायकांचा गट मी चालवते. आठवड्यातून एकदा, दीड तास, सतरंजीवर गोल बसून आम्ही बोलतो. औषधं डॉक्टर देतात आणि ती लागतातच. पण कानात येणारे आवाज औषधानं थांबले, तरी ‘मीही कुणीतरी आहे’ ही भावना आपोआप परत येत नाही.

सुरुवातीला माझंच चुकलं. मी म्हटलं, ‘प्रत्येकीनं आपले तीन चांगले गुण सांगा.’ सगळ्या गप्प. शेवटी एक म्हणाली, ‘ताई, मला काही येत नाही. घरी गॅससुद्धा पेटवू देत नाहीत.’ मग एकेक बोलू लागली. कुणाच्या हातात पैसे देत नाहीत, कुणाला लग्नकार्यात मागच्या खोलीत बसवतात, कुणाचं मूल सासूकडे. रागावलं तरी घरचे विचारतात, ‘गोळी घेतलीस का?’ हे आपल्या एकटीचंच नाही हे कळल्यावर त्या पहिल्यांदाच एकमेकींकडे बघून बोलल्या.

पुढच्या वेळी मी प्रश्न बदलला : ‘या आठवड्यात कुणाच्या उपयोगी पडलात?’ ‘काही येत नाही’ म्हणणारीनं शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावून दिले होते. मग बाकीच्या तिच्याकडून ते शिकल्या. हळूहळू हजेरी, बैठकीची वेळ, चहाचा हिशोब बायकाच बघू लागल्या. एकदा हिशोब चुकला. मी वही काढून घेतली नाही. पुढच्या बैठकीत तिनंच चूक शोधून आणली. नुसत्या कौतुकानं आत्मसन्मान येत नाही. जबाबदारी आणि चुकायची मुभा, दोन्ही लागतात.

पण बैठक संपली की बाई त्याच घरी जाते. त्या बाईच्या घरी मी तीनदा गेले. आता सकाळचा चहा ती करते. स्वयंपाक अजून नाही.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कुणालाही संस्थेत ठेवता येत नाही. तिथं स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे, सक्तीनं मुंडण करता येत नाही, केलेल्या कामाचा मोबदला मिळायला हवा. हे आपल्याला ठाऊक हवं, बायकांना सांगता यायला हवं.

नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला आपल्या मंडळात जागा आहे. ‘वेडी’ म्हणून टाकलेल्या बाईला आहे का? तिला बैठकीला बोलवा. सतरंज्या घालायला नव्हे, हिशोबाची वही सांभाळायला.