खांदमळणी बैलाची, तशी माणसाचीही

(इन्सुली, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग येथे कोरडवाहू जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे.)



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो. कोणी त्याला खांदशेकणी म्हणते. हळद आणि तूप लावून जुवाखाली झिजलेला खांदा चोळायचा, शेकायचा, आणि उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे. बैलाचा खांदा दुखतो हे आपल्या बापजाद्यांना कळत होते, म्हणून त्याचा एक दिवस ठरवून दिला. पण त्याच घरात जी बाई चार महिने कापूस वेचते, निंदण करते, ज्वारी उपटते आणि पऱ्हाटीही उपटते, तिच्या कंबरेचा आणि मनगटाचा दिवस कोणत्या महिन्यात येतो? तो कॅलेंडरात नाही, आणि सरकारच्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यातही नाही. घरच्या माणसांच्या श्रमाला तिथे मजुरीचा भाव लावतात. श्रमाने जे अंग झिजते ते कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आज आम्ही हमीभावावर बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत दुखण्यावर चोळायच्या मलमावर, म्हणजे औषधाच्या दुकानात नळीत मिळणाऱ्या जेलवर. काहींना हसू येईल. कृषी पदवीधर माणूस खत-बियाणे सोडून हे काय घेऊन बसला? पण गेल्या काही वर्षांत गावोगाव बैठका घेताना आम्ही एक गोष्ट पाहिली. ज्या घरात कीटकनाशकाची बाटली आहे, त्या घरात दुखण्याच्या गोळ्यांची पट्टीही आहे. दोन्हींचा डोस घरातल्या कोणालाही माहीत नाही.

आमच्या कामाच्या भागातली एक माउली. वेचणी सुरू झाली की किराणा दुकानातून गोळी आणायची, सकाळी एक, रात्री एक. गुडघा फारच धरला की वरून सुई. असे तीन हंगाम गेले. चौथ्या हंगामात शौचाला काळे होऊ लागले. तिने ते अंगावर काढले, आणि एके दिवशी रक्ताची उलटी झाली. जठरात व्रण पडून रक्त वाहत होते. माउली वाचली. पण घरात साठवलेला कापूस मिळेल त्या भावाने खेडा खरेदीवाल्याला द्यावा लागला. तिच्या घरात जेलची नळीही होती. दोन वर्षांपूर्वीची, अर्धी भरलेली. “त्याने काही होत नाही,” असे ती म्हणाली. काही का होत नव्हते ते पुढे सांगतो.

आधी गोळी काय करते ते समजून घ्या. अंगाला मार लागला, सांधा झिजला, स्नायू ताणला गेला की त्या जागी शरीर काही द्रव्ये तयार करते. त्यांना प्रोस्टाग्लँडिन म्हणतात. त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखणे वाढते. ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1971 मध्ये दाखवले. 1982 च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. डायक्लोफेनॅक हे याच घराण्यातले औषध. ते 1973 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत तयार झाले. पण एक अडचण आहे. हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. गोळी पोटात गेली की ती गुडघा पाहून थांबत नाही. ती सगळीकडे जाते. मे महिन्याच्या उन्हात, पाणी कमी पिऊन, घाम गाळत काम करणाऱ्या माणसाने रोज ही गोळी खाल्ली तर मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो.

जेलमागचा विचार साधा आहे. सगळ्या शिवाराला पाणी देण्याऐवजी झाडाच्या बुडाशी ठिबक लावावे तसा. औषध दुखऱ्या जागेवर चोळायचे, ते कातडीतून खाली मुरते आणि तिथेच काम करते. एका गुडघ्याला ठरलेल्या मात्रेत डायक्लोफेनॅक जेल लावले, तर गोळीच्या मानाने रक्तात जाणारे औषध सुमारे 6 टक्के भरते. म्हणून पोटाला आणि मूत्रपिंडाला धोका बराच कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे.

कातडीतून औषध आत जाते का, अशी शंका कोणाला असेल तर त्याने यवतमाळ आठवावे. 2017 च्या हंगामात त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यांनी विष प्यायले नव्हते. ते श्वासातून गेले, आणि भिजलेल्या पाठीतून, हातापायांच्या कातडीतूनही गेले. ज्या दाराने विष आत येते त्याच दाराने औषधही येते. म्हणून आमचा पहिला नियम फवारणाऱ्यांसाठी आहे. पंप पाठीवर घेण्याआधी खांद्याला किंवा पाठीला जेल चोळू नका. औषध आत मुरावे म्हणून जेलमध्ये कातडी मोकळी करणारे पदार्थ घातलेले असतात. ते पदार्थ औषध कोणते आणि विष कोणते हे ओळखत नाहीत. फवारून आल्यावर साबणाने अंघोळ, कपडे बदलणे, अंग कोरडे करणे, आणि मगच मलम.

आता ते कितपत गुण देते? इथे आम्ही बियाणे कंपनीच्या एजंटासारखे बोलणार नाही. ताजी मुरगळ, लचक, मुका मार यात डायक्लोफेनॅकचे चांगले जेल उत्तम काम करते. जगभरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ते लावलेल्या 10 माणसांपैकी जवळजवळ 8 जणांचे दुखणे आठवड्याभरात निम्म्याने तरी उतरले. नुसते औषधाविना मलम लावलेल्यांत असे 10 पैकी 2 होते. पण गुडघा झिजल्याचे जुने दुखणे असेल तर फरक लहान आहे. औषधाच्या मलमाने 10 पैकी 6 जणांना चांगला आराम, औषधाविना मलमाने 10 पैकी 5 जणांना. म्हणजे चोळण्याने आणि काळाने होणारा गुणही मोठा आहे. तरीही गोळीचा धोका पाहता गुडघा आणि हाताची बोटे यांच्यासाठी आधी जेल, मग गोळी, हाच क्रम शहाणपणाचा. कंबर आणि खुबा यांचे सांधे खोल असतात. तिथवर जेल पुरेसे पोचेल असा भरवसा धरू नये.

त्या माउलीला गुण का आला नाही? मात्रा! आपण 16 लिटरच्या पंपाला औषध मोजून घालतो, पण जेल हरभऱ्याएवढे घेतो आणि दोन्ही गुडघ्यांना पुसतो, तेही आठवेल तेव्हा. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम लागते आणि दिवसातून 3 ते 4 वेळा लावावे लागते. हिशेब करा. 30 ग्रॅमची नळी, एका वेळी 2 ग्रॅम, म्हणजे 15 वेळा. दिवसाला 3 वेळा धरले तर 5 दिवसांत नळी संपली. जी नळी दोन वर्षे पुरते ती औषध म्हणून वापरलीच गेलेली नाही. आणि पुरेसे लावून ताज्या लचकेला दोन आठवड्यांत गुण आला नाही, तर आणखी नळ्या आणण्यात अर्थ नाही. डॉक्टरला दाखवा.

इथेच पैशाचा प्रश्न येतो. मोठ्या नावाची नळी मागू नका, औषधाचे नाव मागा: “डायक्लोफेनॅक जेल.” जनऔषधी केंद्रात ते मिळते. डब्यावर काय लिहिले आहे ते पोराकडून वाचून घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ जेलमध्ये चार गोष्टी असतात: डायक्लोफेनॅक डायइथिलअमाईन 1.16 टक्के, मिथाइल सॅलिसिलेट 10 टक्के, मेंथॉल 5 टक्के आणि जवसाचे तेल 3 टक्के. होय, तेच जवस, जे आपण रब्बीत घेत होतो आणि भाव नाही म्हणून बऱ्याच जणांनी सोडून दिले! मेंथॉलने गार वाटते, सॅलिसिलेटने चुरचुरते आणि वास येतो. पण झोंबणे म्हणजे औषधाची ताकद नव्हे. नुसत्या झोंबणाऱ्या बाममध्ये डायक्लोफेनॅक असतेच असे नाही. ज्याला ॲस्पिरिनने दम लागतो किंवा अंगावर गांधी उठतात, त्याने या मलमांपासून दूर राहावे. आणि नळी लेकरांच्या हाती लागू देऊ नका. मिथाइल सॅलिसिलेट पोटात गेले तर थोडेसेही लहान मुलाला घातक ठरते.

आणखी काही गोष्टी झटपट सांगतो. जखमेवर, चिरलेल्या कातडीवर, डोळ्याजवळ लावू नका. ज्वारीच्या पात्याने हात कापलेले असतील तर ते भरू द्या. मलम लावून वरून शेक देऊ नका, घट्ट पट्टी बांधू नका. लावलेला भाग उन्हात उघडा ठेवू नका. किटोप्रोफेनच्या जेलने तर उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. लावून झाल्यावर हात धुवा, आणि बोटांनाच लावले असेल तर ते मुरू द्या. पोटुशी बाईने, विशेषतः 5 महिन्यांनंतर, डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारूनच लावावे. जेल लावायचे आणि वरून त्याच जातीची गोळीही खायची, हा तर दोन्हीकडून तोटा.

आता आपण ज्या गावात बसलो आहोत त्याबद्दल. इन्सुलीत कापूस पिकत नाही, ज्वारीही नाही. इथे भात, काजू, नारळ. इथे एक सूतगिरणी होती, तीही बंद पडली, तेवढेच आपले आणि या गावाचे कापसाचे नाते. पण दुखण्याच्या बाबतीत या मुलखाने आपल्याला शिकवावे असा एक धडा आहे. इथून जवळच्या दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये आणि मग शेजारच्या बांदा परिसरात 2017 मध्ये माकडतापाची साथ आली. हा रोग 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. तो जंगलातल्या गोचिडीच्या चाव्याने होतो. काजूच्या बागेत आणि रानात जाणारी माणसे आजारी पडली. सुरुवात कशी? ताप, डोके ठणकणे, आणि स्नायू पिळून काढावे तसे अंग दुखणे. पावसाळ्यात भातखाचरात काम करणाऱ्याला लेप्टो होतो, तेव्हाही ताप आणि पोटऱ्यांचे भयंकर दुखणे. लावणीने अंग धरले असे समजून माणूस चोळत बसतो, आणि दोन-तीन मोलाचे दिवस जातात. या तापांत रक्तस्राव होऊ शकतो, आणि दुखण्याच्या गोळ्या-सुया तो धोका वाढवतात.

आपल्याकडे माकडताप नाही. पण डेंगी आहे, चिकुनगुनिया आहे. 2006 मध्ये त्याने राज्यातल्या किती घरांचे सांधे धरले ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून नियम पाठ करा: अंगदुखीबरोबर ताप असेल तर मलम बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा. एकच सांधा लाल, गरम होऊन सुजला. पाय बधिर झाला. लघवी-शौचावरचा ताबा गेला. सकाळी दोन्ही हातांची बोटे तासभर वळत नाहीत. ही जेलची दुखणी नाहीत.

शेवटी पुन्हा बैलाकडे येतो. आपल्या अंगाला चालते ते बैलाला चालेल, असे आपण धरून चालतो. डायक्लोफेनॅकची सुई आपण जनावरांनाही टोचली. ते जनावर मेले की गिधाडांनी खाल्ले, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. 1990 नंतरच्या दशकात गिधाडे आकाशातून दिसेनाशी झाली. कारण 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद करण्याचा आदेश निघाला. मग लोक माणसांची मोठी बाटली जनावरांना वापरू लागले, तेव्हा 2015 मध्ये ती बाटलीही बंद करून माणसांसाठी 3 मिलीची सुईच ठेवली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाले. बैलाला दुखणे असेल तर पशुवैद्याकडून मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. आणि बैलाच्या खांद्याला आपली नळी चोळू नका. जनावर चाटते, औषध पोटात जाते.

मायबहिणींनो, मलम हा शेवटचा उपाय नाही. ओटीत कापसाचे ओझे वाढण्याआधी ते रिकामे करणे, पंप आळीपाळीने घेणे, बसून निंदण्याऐवजी उभ्याने चालणारी सायकल कोळपी वापरणे, दुखरा गुडघा सुटीच्या दिवशीही हलता ठेवणे, यांनी जे होते ते कोणत्याही नळीने होत नाही.

प्रत्येक कार्यकर्त्याने गावी जाऊन एवढे करावे. आपल्या आळीतल्या 10 घरांत विचारावे: या हंगामात दुखण्यावर कोणती गोळी, कोणती सुई, कोणते मलम आणले, कोणी सांगितले म्हणून आणले, आणि किती रुपये गेले. ते वहीत लिहावे. ज्या घरात रोज गोळी चालते तिथे त्या माणसाला बरोबर घेऊन दवाखान्यात जावे. नुसते सांगून यायचे नाही. आणि तो आकडा एकरी खर्चात धरावा. आपण तो मांडला नाही तर दुसरे कोणी मांडणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला ती वही घेऊन यावे.