मज्जादान : आधी घरात बोला, मग नाव नोंदवा

(रक्तदात्यांच्या कौटुंबिक मेळाव्यात एका रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझा परिचय करून देताना निवेदकांनी दधीची ऋषींचे स्मरण केले. मज्जादानाचा विषय निघाला की ते होतेच. माझी मात्र नम्र विनंती आहे की, या विषयापुरती तरी आपण महर्षींना विश्रांती द्यावी. दधीचींनी अस्थी दिल्या आणि त्यासाठी देह ठेवला. ज्या माउलीच्या मुलाने कालच कुठेतरी नाव नोंदवले आहे, ती हे उदाहरण ऐकून धास्तावते. मज्जादानात अस्थी द्यायच्या नसतात, देह तर नाहीच नाही. जे द्यायचे असते ते शरीर चार-सहा आठवड्यांत पुन्हा भरून काढते.

माउलीचा उल्लेख मी सहज केलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने महाविद्यालयातील शिबिरात दाता म्हणून नाव नोंदवले होते. तीन वर्षांनी त्याला दूरध्वनी आला की, एका रुग्णाशी तुमचा नमुना जुळतो आहे. मुलगा आनंदाने तयार झाला. पण घरी सांगताच घर हादरले. आजींनी तर निकालच दिला, "पाठीच्या कण्यातून काढतात ते. पोर जन्माचं अधू होईल." मला समजूत काढण्यासाठी बोलावण्यात आले. मी दोन तास बोललो. सगळे ऐकून घेतल्यावर त्याची आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? आज तुम्ही एका जिवाचा प्रश्न घेऊन आलात. आता मी नाही म्हटलं तर पाप माझ्या माथी."

मुलाने माघार घेतली. त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे नियमाप्रमाणे मला कळले नाही. त्या आईला मी दोष देत नाही. दोष आमचाच होता. आम्ही मुलाची सही घेतली आणि घराला विचारले नाही. म्हणून आज मी तरुणांपेक्षा त्यांच्या आईवडिलांशी अधिक बोलणार आहे.

प्रथम त्या आजींचा प्रश्न. मेंदूपासून कण्यातून खाली जातो तो मज्जारज्जू. हाडांच्या पोकळीत असते ती अस्थिमज्जा. पहिला संवेदना आणि आज्ञा वाहून नेतो. दुसरी रक्त तयार करते. दोन्हींत 'मज्जा' हा एकच शब्द आला आणि त्या एका शब्दाने आमचे जेवढे दाते पळवले, तेवढे सुईने पळवले नसतील. मज्जादानात कण्याला हातही लावत नाहीत.

या मज्जेत रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सारे त्यांच्यापासून घडते. रक्ताचे काही कर्करोग, अॅप्लास्टिक अॅनिमिया, थॅलसेमिया अशा आजारांत हा कारखानाच बिघडलेला असतो आणि तिथे निरोगी माणसाच्या मूलपेशी रुजवाव्या लागतात. आपल्या देशात हे प्रथम यशस्वी झाले ते मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, १९८३ साली. डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर हे उपचार केले. दाता होता तिचा सख्खा भाऊ. स्वतः डॉ. अडवाणी बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीतून रुग्ण तपासत आले आहेत.

भाऊच का? येथे रक्तगट नव्हे, एचएलए नावाचा ऊतिगट जुळावा लागतो. त्याचा अर्धा भाग आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. पूर्वी घरात सहा-सात भावंडे असत. आता एक किंवा दोन. अलीकडे आईवडिलांकडून अर्धा जुळणारा गट घेऊनही प्रत्यारोपण होते आणि त्यामुळे पुष्कळ रुग्णांना मार्ग सापडला आहे. तरी प्रत्येकाला तो लागू पडतोच असे नाही. मग परक्या माणसाचा शोध सुरू होतो.

या शोधासाठी पहिली नोंदवही उभारली एका आईने. लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी १९७४ साली आपल्या अँथनी या मुलासाठी ती सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही. १९७९ मध्ये तो गेला. नोंदवही राहिली. आज जगभरच्या अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक दाते आहेत. सव्वाआठ कोटींच्या जर्मनीत त्यांची संख्या सुमारे एक कोटी आहे. एकशे चाळीस कोटींच्या आपल्या देशात ती काही लाखांच्या पुढे नाही. पुन्हा, भारतीय रुग्णाला जुळणारा दाता बहुधा भारतीय वंशातच सापडतो. शतकानुशतके आपल्याकडे विवाह आपापल्या ज्ञातींत होत आल्याने काही ऊतिगट विशिष्ट समूहांत दाटलेले आहेत. हा अनुवंशाचा हिशेब आहे, प्रतिष्ठेचा नव्हे. दात्याला रुग्णाचे नाव, जात, पंथ काहीही सांगितले जात नाही. किमान वर्षभर तरी दोघांची भेट होत नाही. ज्यांची मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत आहेत, त्यांनी त्यांना तिथल्या नोंदवहीत नाव घालायला अवश्य सांगावे. या नोंदवह्या परस्परांशी जोडलेल्या आहेत; तिथले नाव इथल्या रुग्णालाही उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष काय होते ते सांगतो. नाव नोंदवताना एक अर्ज आणि गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, एवढेच. बहुतेकांना पुढे कधीच बोलावणे येत नाही. आलेच, तर पुन्हा रक्त तपासतात आणि दात्याची संपूर्ण शारीरिक तपासणी होते. दात्याला धोका आहे असे दिसले, तर तिथेच थांबतात.

बहुतांश दाने आता हातातील शिरेतून होतात. मूलपेशी मज्जेतून रक्तात उतराव्यात म्हणून चार-पाच दिवस रोज इंजेक्शने दिली जातात. या दिवसांत अंग दुखते. कंबर आणि छातीच्या मधले हाड ठणकते, डोके जड होते, ताप येण्यापूर्वी वाटते तसे वाटते. 'काहीच होत नाही' असे सांगणाऱ्या कार्यकर्त्यावर माझा राग आहे. कारण दुसऱ्या दिवशी हाडे दुखू लागली की दात्याला वाटते, काहीतरी बिघडले. दुखणे अपेक्षित असते, साध्या पॅरासिटामॉलने बरेच कमी होते आणि इंजेक्शने थांबल्यावर काही दिवसांत जाते. प्लीहा थोडी वाढते. ती फुटण्याचे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. तरी त्या काळात कबड्डी, कुस्ती असे धक्क्याचे खेळ बंद ठेवावेत. शाखेतील तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे!

मग दानाचा दिवस. आपल्यापैकी ज्यांनी प्लेटलेट दिल्या आहेत त्यांना ते यंत्र परिचित असेल. एका हातातून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी बाजूला काढल्या जातात, उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. चार ते सहा तास लागतात. कधी दुसऱ्या दिवशीही बसावे लागते. ओठांना, बोटांना मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या द्रव्याने कॅल्शियम उतरते, म्हणून. लगेच सांगावे, कॅल्शियम देतात, मुंग्या थांबतात.

दुसरी पद्धत प्रत्यक्ष मज्जा काढण्याची. भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागील भागातून सुईने मज्जा घेतात. तास-दोन तासांचे काम. भुलेचा जो थोडा धोका कोणत्याही शस्त्रक्रियेत असतो तो येथेही असतो. नंतर काही दिवस, क्वचित काही आठवडे, कंबर दुखते. वाकताना, जिना चढताना जाणवते. लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात.

घरोघरी विचारला जाणारा एक प्रश्न हळूच विचारला जातो, म्हणून मी मोठ्याने उत्तर देतो. मुलीने दान केले तर पुढे लग्नात, बाळंतपणात अडचण येते का? येत नाही. गर्भवती असताना मात्र दान घेत नाहीत. इंजेक्शनांमुळे दात्याला कर्करोग होतो का? हजारो दात्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आहे. त्यांच्यात इतरांपेक्षा अधिक कर्करोग आढळलेला नाही. दात्याला खर्च पडत नाही आणि पैसाही मिळत नाही.

दाता अखेरच्या क्षणापर्यंत नकार देऊ शकतो. तो त्याचा अधिकार आहे. परंतु एक टप्पा असा येतो की तिथून रुग्णाला परतता येत नाही. दानाच्या आधी सुमारे आठवडाभर रुग्णाला तीव्र औषधे, कधी किरणोपचार देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट केली जाते. नवीन पेशींना जागा व्हावी आणि त्या टिकाव्यात म्हणून. त्या दिवसांत दात्याने पाय मागे घेतला, तर रुग्णापाशी स्वतःची मज्जा उरलेली नसते आणि दुसऱ्याची आलेली नसते. नाही म्हणायचे असेल तर ते त्याआधी म्हणावे. सर्वांत उत्तम, नाव नोंदवण्याआधीच म्हणावे. मला ते अधिक आवडेल.

जाता जाता नाळेतील रक्ताविषयी. बाळ जन्मताच मोठी रक्कम भरून ते खासगी पेढीत ठेवा, भविष्याची हमी घ्या, अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. ज्या बाळाला जन्मतः थॅलसेमिया आहे, त्याच्या नाळेतही तोच दोष असतो. स्वतःच्याच भावी उपयोगासाठी ते साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. घरात आधीच असा आजारी भाऊ किंवा बहीण असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना विचारावे.

प्रत्यारोपणाच्या दिवशी रुग्णाच्या खोलीत जे घडते ते पाहायला फार साधे असते. रक्ताच्या पिशवीसारखी पिशवी टांगतात आणि थेंब थेंब शिरेतून सोडतात. पेशी आपापल्या हाडांत स्वतःच पोहोचतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत नव्या पेशी रक्तात दिसू लागतात. दात्याचा रक्तगट वेगळा असेल, तर काही महिन्यांनी रुग्णाचा रक्तगट दात्याचा होतो.

बाहेर टेबलावर अर्ज ठेवले आहेत. आयोजकांची इच्छा होती की आजच नमुने घ्यावेत. मी नको म्हटले. अर्ज घरी न्या, रात्री जेवताना सर्वांसमोर वाचा. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच सभागृहात बसलेला असेन. ज्यांच्या आईला, आजींना काही विचारायचे असेल, त्यांनी त्यांना बरोबर घेऊन यावे.