गाडीची खोटी कोणाच्या हिशेबात?



कापसाच्या भावावर आपण तासन्‌तास बोलतो. आज भाड्यावर बोलायचे आहे. शेतापासून जिनिंगच्या दारापर्यंतचा खर्च आपल्याच खिशातून जातो, आणि तो कुठे वाढतो हे आपण कधी मांडून पाहत नाही.

गेल्या हंगामात आम्ही तीन गावांच्या लोकांनी कापूस एकत्र पाठवायचे ठरवले. वाहतुकीचे नियोजन करणारे एक सॉफ्टवेअर वर्षाच्या बोलीने घेतले. कोणती गाडी, कोणता रस्ता, भाडे किती, सगळे संगणक सांगणार. कंपनीचे नाव घेत नाही. अशी पुष्कळशी सॉफ्टवेअरे एकाच साच्यातली असतात: कारखान्याचे खोके, डांबरी सडक आणि ठरलेली वेळ डोळ्यांसमोर ठेवून केलेली.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. संगणकाने टेंपोत पस्तीस क्विंटल धरले. गाडीची ताकद तेवढी होतीही. पण कापूस वजनाने नाही, फुगाऱ्याने गाडी भरतो, हे आपल्या लेकराला कळते. वीस क्विंटलांतच दोर पुरेना. उरलेल्या मालाला दुसरी गाडी, दुसरे भाडे. त्यात ज्वारीची पोती भरली असती तर हिशेब बरोबर आला असता. त्याच ज्वारीचा कडबा भरला असता तर पुन्हा फसला असता. वजन आणि जागा दोन्ही मोजणारी सॉफ्टवेअरे आहेत. हौद्याची लांबी, रुंदी, उंची घातली की झाले. आमच्यात तो रकानाच नव्हता.

रस्त्याचेही तेच. पांदण दिसली की संगणक म्हणतो, हा जवळचा रस्ता. अवकाळीनंतर त्या काळ्या मातीतून रिकामी बंडी निघत नाही. चांगल्या व्यवस्थेत गावातलाच माणूस 'रस्ता बंद' अशी खूण करतो आणि गाडीला दुसरा मार्ग मिळतो.

पण खरा मार खोटीचा. एका खेपेला आमची गाडी जिनिंगसमोर रात्रभर रांगेत उभी राहिली. संगणकाने ती फाटकाशी आल्याबरोबर 'पोचली' म्हणून खेप बंद केली! त्याच्या लेखी काम संपले, आमचे तिथून सुरू झाले. हुंडेकऱ्याने दुसऱ्या दिवसाची खोटी लावली. वरून दव. ओलाव्याचे तुम्हाला ठाऊकच आहे: हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर माल घेत नाहीत. किलोमीटरला सर्वांत स्वस्त म्हणून निवडलेली ती गाडी आम्हाला सर्वांत महाग पडली.

१९७२ ला एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्या काळातल्या बंड्यांच्या रांगा इथल्या म्हाताऱ्यांनी पाहिल्या आहेत. बंडी गेली, टेंपो आला, रांग राहिली. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' ॲपवर विक्रीची तारीख घेण्याची सोय केली. चांगली गोष्ट. पण तारीख एका फोनात, गाडी दुसऱ्याच्या ताब्यात, वजनकाट्याची पावती तिसऱ्याच्या खिशात, असे झाले तर काय उपयोग? आमचा पोरगा रात्री बसून पावत्या उतरवायचा. एकदा १८.४० चे १४.८० झाले. चार दिवस आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहत होतो.

तारीख, गाडी आणि काटा एकाच जागी जोडता येतात. गाडी फाटकात कधी आली, रिकामी कधी झाली, याची नोंद राहिली तर हुंडेकऱ्याचे बिल ताडून पाहता येते. त्याचाही फायदाच आहे, कारण खरी खोटी असेल तर त्यालाही भांडावे लागत नाही. परतीला सरकीची ढेप किंवा खत मिळवून दिले तर जाण्याचे भाडे उतरवून मागता येते. आणि हे सगळे साध्या फोनवर संदेशाने कळले पाहिजे. शिवारात रेंज कुठे असते?

पुढच्या बैठकीत दोन कंपन्यांची माणसे सॉफ्टवेअर दाखवायला येणार आहेत. त्यांचे रंगीत तक्ते आपण पाहणार नाही. एकच काम सांगू: तीन शेतांतला चाळीस क्विंटल कापूस, एक पांदण बंद, आणि दुपारी दोनला जिनिंगचे यंत्र बिघडले. गाड्या अजून गावातच उभ्या आहेत. ड्रायव्हरला निरोप किती वाजता जातो ते दाखवा. घड्याळ आम्ही आणतो.