कंबर सकाळीच का आखडते?



घरातला पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी सकाळी कंबर धरून उठते आणि आपण म्हणतो, "दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर दुसरं काय होणार?" बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, पहाटे दुखण्याने जाग येत असेल, पडून राहिल्याने नव्हे तर हिंडल्या-फिरल्यावर बरं वाटत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललं असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो. त्याचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस.

या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला संबंध १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवला. हे जनुक जगात सगळीकडे सारखं आढळत नाही. ब्रिटनच्या गोऱ्या लोकांत ते शंभरात साधारण आठ जणांत असतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हायडा लोकांत जवळजवळ निम्म्यांत, तर जपानमध्ये शंभरात एकातही नाही. आपल्या भारतीयांत ते गोऱ्यांपेक्षा कमी आढळतं. शिवाय त्याचे प्रकारही अनेक आहेत. इटलीच्या सार्डिनिया बेटावर आढळणाऱ्या एका प्रकाराचा या आजाराशी फारसा संबंध दिसत नाही.

पण "आपल्या लोकांत हे कमी असतं" म्हणून गप्प बसू नका. ते आकडे समाजाचे आहेत, तुमच्या मुलाच्या पाठीचे नाहीत. जनुक नसतानाही हा आजार होऊ शकतो.

उलट, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरूही नका. हे जनुक असलेल्या शंभरांपैकी फार तर पाचेक जणांना हा आजार होतो. आई-वडिलांपैकी एकाकडून ते मुलात येण्याची शक्यता साधारण निम्मी. म्हणून काही त्रास नसलेल्या मुलांची उगाच तपासणी करत बसू नये. मात्र आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जीपीकडे गेल्यावर नुसतं "पाठ दुखते" म्हणू नका. कधी दुखते, किती वेळ आखडते, कशाने बरं वाटतं, हे सांगा. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. व्यायाम आणि औषधं वेळेवर सुरू झाली, तर पाठ ताठ होण्यापासून पुष्कळ वाचवता येते.

तेव्हा उद्या सकाळी मूल कंबर धरून उठलं, तर रागावण्याआधी एकदा विचारा, "किती दिवस झाले रे?"