पाठीच्या कण्याचा बाक
(वार्षिक सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार नाही. तरीही आज स्कोलिओसिसविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण या मुलांचे मदतीचे अर्ज आमच्याच मेजावर येतात.

मागून पाहिले असता पाठीचा कणा सरळ दिसावयास हवा. या विकारात तो बाजूला वळतो आणि मणके पिळलेही जातात. त्यामुळे एक खांदा वर दिसतो, एका बाजूच्या बरगड्या उचलल्या जातात. मुलाला कमरेतून पुढे वाकवले की हा उंचवटा आईवडिलांच्याही ध्यानात येतो. बाक फार वाढला तर छातीची पोकळी आकसते, फुफ्फुसे पुरेशी फुलत नाहीत, जिना चढताना धाप लागते. किशोरवयातील बहुसंख्य मुलांत याचे निश्चित कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने हा विकार होत नाही. आईने ग्रहण पाळले नाही म्हणूनही नाही. तिला बोल लावणारे नातेवाईक आम्ही याच इमारतीत पाहिले आहेत.

वाढ शिल्लक असताना साधारण २५ ते ४० अंशांचा बाक ब्रेसने रोखता येतो. अमेरिका व कॅनडातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईतो ५० अंशांच्या आत राहिला. केवळ देखरेखीखाली असलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. बाक ५० अंशांपलीकडे गेल्यास बहुधा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेसाठी आपण उदार हस्ते देता. ब्रेससाठी मात्र क्वचितच कोणी देतो. शिवाय मूल वाढले की ब्रेस तोकडा पडतो, नवा करावा लागतो. एका रुग्णास वर्षातून एकदाच साहाय्य, हा नियम आम्हीच केला होता. हिशेबाला तो सोयीचा होता. तेरा वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांनी आठ महिन्यांत दुसऱ्या ब्रेससाठी अर्ज केला. त्यावर ‘नियमात बसत नाही’ हा शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे. पुढल्या वर्षी तिचा तिसरा अर्ज आला, तो शस्त्रक्रियेसाठी. त्याला देणगीदार चार दिवसांत मिळाले.

तो नियम आता रद्द केला आहे. ताळेबंदात ‘ब्रेस साहाय्य निधी’ या शीर्षाखाली स्वतंत्र रक्कम दाखविली आहे. ती अद्याप फारच अल्प आहे.