निगेटिव्ह, पण कितव्या दिवशी?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या या परिषदेपुढे विचारार्थ असलेला प्रश्न समुपदेशन केंद्रांत रोज विचारला जातो: संभाव्य संसर्गानंतर एचआयव्हीची चाचणी केव्हा करावी? त्याला एकच ठोक उत्तर नाही, कारण ते रक्तात नेमके काय शोधले जाते यावर ठरते. विषाणूने शरीरात प्रवेश केल्यावर सुमारे पहिले दहा दिवस तो कोणत्याही चाचणीला सापडत नाही. प्रवेशापासून चाचणीला संसर्ग दिसू लागेपर्यंतच्या या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी नॅट चाचणी साधारण 10 ते 33 दिवसांत संसर्ग दाखवते. विषाणूचे पी-24 हे प्रथिन आणि त्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, अशा दोहोंचा एकत्र शोध घेणारी, शिरेतील रक्तावर होणारी प्रयोगशाळेतील चाचणी 18 ते 45 दिवसांत, तर केवळ प्रतिपिंडांवर विसंबणारी बहुतेक रॅपिड किट्स 23 ते 90 दिवसांत तो दाखवतात. यातील पहिला आकडा आशेचा आणि दुसरा खात्रीचा, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते.

बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब आणि त्यावर टाकलेले बफर किटच्या पट्टीवरून सरकत जाते आणि कंट्रोलची रेषा उमटते. ती रेषा किट नीट चालले एवढेच सांगते. संपर्कानंतर बाराव्या दिवशी तिच्याशेजारी दुसरी रेषा नाही म्हणून निर्धास्त होऊन घरी गेलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि हा दोष त्याचा मानणे अन्यायाचे ठरेल. रिपोर्टवर किटचा प्रकार नोंदवावा आणि संपर्काची तारीख विचारून पुढच्या चाचणीची तारीख समुपदेशकाने तिथेच काढून द्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. (दुसरी रेषा उमटली, तरी एका किटवर निदान होत नाही, वेगवेगळ्या तीन किट्सवर पडताळणी केली जाते.) संमती आणि गोपनीयता यांची हमी 2017च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने दिलेलीच आहे.

मात्र चाचणीच्या तारखेच्या चर्चेत अधिक निकडीची मुदत मागे पडते. संपर्कानंतर संसर्ग टाळण्यासाठी द्यायची औषधे, ज्यांना पीईपी म्हणतात, 72 तासांच्या आत आणि शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू करावी लागतात व 28 दिवस चालू ठेवावी लागतात. त्याच दिवशी केलेली चाचणी त्या व्यक्तीची आधीची स्थिती तेवढी सांगते. तिच्या निकालासाठी पहिली मात्रा अडवून ठेवणे चुकीचे आहे. औषधांमुळे प्रतिपिंडे उशिरा दिसू शकतात, म्हणून कोर्स संपल्यानंतरही ठरलेल्या तारखांना पुन्हा चाचणी करावी लागते.

बाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन असते, आणि रुग्णालयात अशी सुई टोचलेल्या परिचारिकेकडे तातडीने लक्ष दिले जाते. निरोध फाटलेल्या तरुणाला मात्र तेच औषध मागताना खिडकीपाशी चारचौघांत कारण सांगावे लागते. शनिवारी रात्री झालेल्या संपर्कानंतर रविवारी केंद्र बंद असते, सोमवारी धीर होत नाही आणि मंगळवारी रात्री मुदत संपते. त्यामुळे पहिल्या मात्रेच्या गोळ्या आपत्कालीन विभागात कोणत्या कपाटात आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे रविवारच्या रात्रपाळीला ठाऊक असणे आवश्यक आहे.