डाग जावा, मेज राहावें



शाई सांडली म्हणजे घरांत काय किंवा कचेरींत काय, सर्वांची पहिली धांव फडक्याकडे असते. मग कोणी लिंबू सुचवितो, कोणी दांत घांसण्याची पेस्ट, तर कोणी नखांचा रंग काढण्याचें द्रव्य. हे उपाय सर्वस्वी खोटे आहेत असें नाहीं. त्यांपैकीं प्रत्येकानें कोणता ना कोणता डाग निघतो. परंतु पुष्कळदां डागाबरोबर मेजाचें पॉलिश, फरशीची झिलई किंवा खुर्चीच्या चामड्याचा रंगहि निघून जातो. राहिलेला डाग उद्यांहि काढतां येईल. गेलेलें पॉलिश मात्र कितीहि पुसलें तरी परत येत नाहीं. म्हणून डागाला हात घालण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःला विचारावे: शाई कोणती, आणि ती पडली आहे कशावर?

प्रथम शाईचा विचार करूं. आपल्या पुष्कळ जुन्या पोथ्या जिनें लिहिल्या गेल्या, ती शाई काजळी आणि डिंक यांची. काजळीचा रंग ब्लीचनें उडत नाहीं; परंतु डिंक पाण्यांत सुटतो, म्हणून ही शाई गुळगुळीत पृष्ठावरून ओल्या फडक्यानें पुष्कळशी निघते. दुसरी, मायफळ व हिराकस यांची काळी शाई. हिराकशींत लोखंड असतें. ही शाई उतरतांना फिकी दिसते आणि हवा लागली कीं काळी पडते. हिच्यावर ब्लीच घातलें तर काळेपणा कमी होतो, पण मागें तांबूस डाग उरतो. कारण लोखंड जागच्या जागींच असतें. तिसरी, फाउंटनपेनची साधी धुतां येणारी शाई. ती म्हणजे पाण्यांत विरघळविलेला रंग. वेळीं पुसली तर पाण्यानेंच जाते. बॉलपेनची गोष्ट निराळी. लास्लो बिरो यांनीं १९३८ सालीं ब्रिटनमध्यें ज्या लेखणीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तिची शाई घट्ट व चिकट. ती पाण्याला दाद देत नाहीं, स्पिरिटाला देते. पक्क्या मार्करचेंहि तसेंच.

एका शाईचा मात्र अपवाद. मतदाराच्या बोटाला लागणाऱ्या शाईंत सिल्व्हर नायट्रेट असतें. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्याकडे वापरांत आहे. उजेडानें ती काळी पडते, आणि आज सांगणार असलेल्या उपायांपैकीं एकहि तिला लागू पडत नाहीं. शाळेच्या वा कचेरीच्या मेजावर ती बाटली ठेवावयाची झाल्यास खालीं ताटली व जाड कागद ठेवावा, हाच तिच्यावरील इलाज.

शाई ओली असेल तर उपाय सर्वत्र एकच. ती पुसूं नये, टिपावी. टीपकागद किंवा जुनें सुती कापड वरून अलगद दाबावें व भिजलें कीं बदलावें. पुसल्यानें रुपयाएवढा डाग ताटाएवढा होतो. पुढें ओल्या बोळ्यानें काम करतांना डागाच्या कडेकडून मध्याकडे यावें.

आतां दुसरा प्रश्न. जुन्या सागवानी मेजांवर बहुधा फ्रेंच पॉलिश असतें, आणि हें पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली चपडी लाख. अर्थात् ज्या स्पिरिटानें बॉलपेनची रेघ निघते, त्याच स्पिरिटांत मेजाचें पॉलिशहि विरघळतें. बोळा चार वेळां फिरविला कीं रेघ जाते आणि तिच्या जागीं निस्तेज चट्टा उमटतो. हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरांतहि बहुधा स्पिरिटच मुख्य असल्यानें त्याचाहि परिणाम हाच. अशा मेजावर कोमट पाण्यांत सौम्य साबणाचे दोन थेंब घालून पिळलेल्या फडक्यानें टिपावें आणि लगेच कोरडें करावें. पाणी रेंगाळलें तरी पांढुरका डाग पडतो. शाई भेगेंतून लांकडांत मुरली असेल, तर वरून कितीहि घांसलें तरी ती हातीं लागत नाहीं. तेथें पॉलिश करणाऱ्या कारागिरालाच बोलवावें. तो पॉलिश उतरवून उघड्या लांकडावर ऑक्झॅलिक अॅसिडाचें पाणी फिरवितो. त्यानें लोखंडाचा काळेपणा जातो. मग लांकूड धुऊन, वाळवून नवें पॉलिश चढवितो. हें अॅसिड विषारी आहे. तें घरांत आणून ठेवूं नये.

सनमायकाच्या मेजावर मात्र स्पिरिट निर्धास्त चालतें. कापूस भिजवून मिनिटभर दाबून धरावा, मग उचलावा. तेथें शत्रु आहे तारेची घांसणी. तिच्या बारीक ओरखड्यांत पुढची शाई अधिकच घट्ट बसते.

संगमरवर आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. लिंबू किंवा व्हिनेगर त्यांना खातें. डाग फिका होतो, पण झिलई जाऊन तेथें खरखरीत वण राहतो. पांढऱ्या संगमरवरावर साध्या रंगाच्या शाईचा डाग असेल, तर खडूची भुकटी औषधाच्या दुकानांतील हायड्रोजन पेरॉक्साइडमध्यें कालवून तिचा लेप द्यावा, वर प्लॅस्टिक झांकावें व दुसऱ्या दिवशीं लेप काढून जागा धुवावी. गडद दगडावर हा प्रयोग करूं नये; दगडाचाच रंग उतरण्याची भीति असते. चामड्यावर स्पिरिट नको, आणि नखांचा रंग काढण्याचें अॅसिटोन पुष्कळ जातींच्या प्लॅस्टिकला विरघळवितें. दांतांची पेस्ट ही बारीक घांसणीच आहे. चकचकीत पृष्ठाला ती मंद करते. कोणताहि उपाय आधीं मेजाच्या कडेखालीं, न दिसणाऱ्या जागीं करावा, दहा मिनिटें थांबावें, आणि मगच पुढें जावें.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मतें ती सर्वांत महत्त्वाची. हें काम पुष्कळदां आपण स्वतः करीत नाहीं. "एवढा डाग काढून टाका" असें सांगून बाटली कचेरींतील शिपायाच्या किंवा घरकाम करणाऱ्या बाईंच्या हातीं देतों. बाटलींत काय आहे, मेजावर काय आहे, हें त्यांना कोणी सांगत नाहीं; पॉलिश गेलें कीं बोल मात्र त्यांनाच लागतो. पॉलिशचें नुकसान एकवेळ भरून निघेल. पण एका बाटलीनें डाग गेला नाहीं म्हणून त्यावर दुसरी ओतली, आणि पहिलींत ब्लीच व दुसरींत संडास धुण्याचें अॅसिड असलें, तर क्लोरीन वायु सुटतो. बंद खोलींत तो जिवावर बेततो. स्पिरिटाची वाफहि समईच्या ज्योतीनें क्षणांत पेटते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, ज्योत दूर ठेवावी, एका वेळीं एकच द्रव्य वापरावें, आणि प्रत्येक बाटलीवर तिचें नांव मराठींत ठळक लिहावें.

इतकेंहि करून एखादा डाग राहिलाच, तर त्यावर टीपकागदाची गादी ठेवून निश्चिंतपणें लिहावयास बसावें. लिहिण्याच्या मेजावर शाईची एक खूण असणें हें कांहीं लाजिरवाणें नव्हे.